गोष्टीतली दगडी बाई

आई, आधी आशीर्वाद दे.

काराकासमध्ये माझं बरं चाललंय. खोकला गेला, पोटभर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? शेळी व्याली का?

मी जिथे स्वयंपाकाला आहे, तिथली मुलगी रेनाता परवा ओट्याशी बसून शाळेचा धडा मोठ्यानं वाचत होती. आपल्या अन्सेल्मोदादानं लिहिलेली गोष्ट! आता ती अभिजात म्हणे. आपला तान्हा निकासियो गेला, ती रात्र. आधी ‘आम्ही शेजारी नव्या देवदूतासाठी नाचलो’, मग कुआत्रो वाजवणाऱ्याच्या मनातलं, मग बाबांच्या, मग मेलेल्या बाळाच्याही. दारातल्या गाढवाच्यासुद्धा मनात दादा शिरलाय. तू मात्र सगळ्यांना बाहेरूनच दिसतेस, ‘दगडासारखी बसलेली’.

रेनाता म्हणाली, “काय बाई आहे! पोटचं पोर गेलं आणि डोळ्यांत टिपूस नाही.”

मी आरेपांसाठी मक्याचं पीठ मळत राहिले. मेलेलं तान्हं देवदूत होतं, आई रडली तर त्याचे पंख भिजतात आणि ते वर पोचत नाही, हे शहरातल्या पोरीला काय ठाऊक? दादाला ठाऊक होतं. तू शालीचं टोक दातांत धरलं होतंस, चावून चावून त्याच्या चिंध्या झाल्या. तो तुझ्या शेजारीच बसला होता.

असो. माझी काळजी करू नकोस.

तुला वाचता येत नाही, म्हणजे हे तोच वाचून दाखवत असणार. दादा, थांबू नकोस. गाढवाला विचारलंस, आता आईला विचार, त्या रात्री तिला काय वाटत होतं. आणि जरा मोठ्यानं विचार. तिला हल्ली कमी ऐकू येतं.

तुमची,
एलाडिया