पाठीवरचा हूक

१२ ऑगस्ट २०२४, श्रावणी सोमवार

अजिनाथची निवड झाली. माझी नाही.

दुपारी साहेबांनी टॉवरखाली बोलावून सांगितलं. इंग्लंडच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांवर चढायला माणसं पाहिजेत, म्हणून एका एजन्सीनं आमच्या माळावरच्या साइटवरून नावं मागवली होती. तिकडं किनाऱ्यापासून इतकं आत, की जमीन दिसत नाही, तिथं समुद्राच्या तळात खांब रोवून रांगाच्या रांगा उभ्या केल्यात. दर वर्षी वाढतच चालल्यात. चढणारे कमी पडतात. पण वय पंचेचाळीसच्या आत पाहिजे. मला एकोणपन्नासावं लागलंय.

"धर्मराज, तुमच्या कामात खोट नाही हो," साहेब म्हणाले. "तिकडचा नियम आहे."

ती बातमी पहिल्यांदा मी वाचली होती. निळं पाणी आणि त्यात पांढऱ्या चक्क्या — पेपरातलं चित्र कापून देव्हाऱ्याच्या बाजूला चिकटवलं तेही मीच. मी अजून समुद्र पाहिलेला नाही. अजिनाथला चित्र दाखवलं तेव्हा तो काय म्हणाला? "दादा, तितं भाकर खायला कुटं बसायचं?" त्या माणसाला समुद्र मिळाला!

उपास होता. संध्याकाळी महादेवाला बेल वाहिला. हात जोडले, पण काय मागायचं ते आठवेना.

१३ ऑगस्ट

झोप नाही. शेजारच्या अंथरुणातून वनमाला म्हणाली, "पित्त झालं असंल." असेल.

१९ ऑगस्ट

साइटवर आम्हा दोघांना कोयता म्हणतात. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, तसं. आम्ही दिसलो की कुणीतरी ओरडतोच, "आला बघा कोयता." अजिनाथ माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, पण कामाला लागलो ते एकाच महिन्यात.

पवनचक्कीवर एकट्यानं चढायचं नसतं. सुरक्षेचा पट्टा अंगावर घातला की पाठीवरचा हूक आपला आपल्याला दिसत नाही, तो जोडीदारानं बघायचा. मी अजिनाथचा हूक ओढून बघतो, पाठीवर दोन थापा मारतो आणि विचारतो, "धरलं?" तो म्हणतो, "धरलं." मग तो माझा बघतो. हे असं कुणी शिकवलं नाही. आमचं आम्हीच पाडलं.

आज खाली उतरल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. "दादा, एक अडचन हाय. चेन्नईला आदी परीक्षा असती, पान्यात टाकून बगतेत म्हनं. नोव्हेंबरात. मला पवता येत न्हाई."

"कावून बे? एवढा मोठा झालास."

"आमच्या गावाला टँकर यायचा. टँकरात पवावं का?" आणि मग, "तुमच्या विहिरीत शिकवा की."

बघू म्हणालो. तोंड गंभीर ठेवलं. आत काहीतरी टुणकन उडालं. तो आनंद होता. लिहून ठेवतो, कारण देवाला तो दिसलाच आहे.

२५ ऑगस्ट

पहिला धडा. विहीर निम्म्याच्या वर भरलीय. गोडेतेलाचा रिकामा डबा, तोंड झाळून बंद केलेला, आणला आणि अजिनाथच्या पाठीला बांधला. आमच्याकडं सगळे असेच शिकले. तीस मीटर, साठ मीटर शिडी हसत चढणारा गडी पायरीवर थरथरत होता. ढकलला. डब्यानं वर आणला. डोळे हे एवढे!

शेजारचे सुंदरराव काठावर तंबाखू मळत बसले होते. "धर्मा, इंग्लंडला ह्यो चाललाय का डबा?"

सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो.

८ सप्टेंबर

हात-पाय बरे मारतो आता. विहिरीला फेऱ्यावर फेऱ्या घालतो. आज डबा सोडायला हरकत नव्हती.

"काडा की आता, दादा."

"घाई कशाला? दमानं घे."

सोडला नाही.

१४ सप्टेंबर

गावात अजिनाथचा सत्कार झाला. पुढारी अर्जुनराव आले होते. निवडणूक जवळ आली की ते कुणाचाही सत्कार करतात. शाल, नारळ, फेटा. "आपल्या मातीतला माणूस सातासमुद्रापार चाललाय," म्हणाले. जातोय विमानानं, आणि समुद्र लागणार तो एक. अजिनाथनं माईकवर माझं नाव घेतलं, म्हणाला, दादा मला पवायला शिकवतेत. लोक हसले. त्यांना ती गंमत वाटली.

फोटोला मला शेजारी उभं केलं. रात्री गावाच्या ग्रुपवर फोटो आला, त्यात माझा एक खांदा होता.

त्याच्या बायकोनं, दिपालीनं, घरी पेढे आणून दिले. वनमालानं दोन खाल्ले. मी म्हणालो, पित्त आहे.

१८ सप्टेंबर

वनमाला भाकरी थापता थापता म्हणाली, "आपल्या सुरजचा डबा तुमी चार दिवसांत सोडला व्हता. आन् तेवा त्यो आठ वर्षांचा व्हता."

मी ताट पुढं ओढलं.

"अजिनाथभाऊजींचा कावून सोडीनात?"

भाकरी करपली. तिचं लक्ष माझ्या तोंडाकडं होतं.

२० सप्टेंबर

आज जे झालं ते लिहायचं धाडस होत नव्हतं.

सकाळी चढायची वेळ. अजिनाथ माझ्याकडं पाठ करून उभा राहिला, रोजच्यासारखा. बायकोशी फोनवर बोलत होता, चेन्नईच्या गाडीचं. मी हूक ओढला. लागला होता. थाप मारणार, तेवढ्यात वाटलं — खरंच लागलाय का? की मला फक्त लागलेला दिसतोय? पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा ओढला. हूक व्यवस्थित होता. विश्वास माझ्या हातावर उरला नव्हता. ज्या माणसाचं वाईट व्हावं असं महिनाभर मनात येतंय, त्याचा हूक तपासायचा मला काय हक्क?

"धरलं का, दादा?" त्यानंच विचारलं. मान वळवूनही बघितलं नाही त्यानं.

"धरलं."

वर वारा खूप होता. संध्याकाळी मारुतीपुढं बसलो. काही मागितलं नाही. नुसता बसलो.

२२ सप्टेंबर

डबा सोडला. न सांगता. तो पाण्यात उतरायच्या आधी पाठीमागून गाठ काढली आणि ढकलला. दोन घोट पाणी प्याला, मला दोन शिव्या दिल्या आणि पोहायला लागला.

डबा माझ्या हातात. किती हलका असतो तो.

२९ सप्टेंबर

माजलगावच्या धरणावर घेऊन गेलो. म्हटलं, विहीर वेगळी, उघडं पाणी वेगळं. सुंदरराव गंमत बघायला सोबत.

आणि गंमत झालीच. अजिनाथ पाण्यात शिरला, चार हात सरळ गेला आणि डावीकडं वळला. वळतच राहिला. गोल फिरून पुन्हा आमच्यापुढं! विहिरीत शिकलेला माणूस, त्याला भिंत नसली तरी भिंत दिसते. सुंदरराव हसून हसून खाली बसले. "अरे बे, इंग्रजांच्या समुद्रात असाच घाण्याचा बैल होणार का तू?"

मी म्हणालो, बघ, असं जायचं. आणि शिरलो. लहानपणापासून पट्टीचा पोहणारा म्हणून नाव माझं. थोडं आत गेलो. मान वर केली तर पुढं नुसतं पाणी. कपार नाही, पायरी नाही, हात लावायला काही नाही. वळलो — डावीकडंच. काठाकडं परत येताना अजिनाथ कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, हात पुढं करून.

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

मग दुपारपर्यंत दोघांनी सरळ पोहायचा सराव केला. काठाच्या लांबच्या टोकावरच्या एका बाभळीवर नजर ठेवायची आणि सोडायची नाही. जमलं. त्याला आधी जमलं.

११ ऑक्टोबर, खंडेनवमी

साइटवर हत्यारांची पूजा. नटबोल्टचे पाने, दोर, पट्टे सगळे मांडले. अजिनाथनं त्याचा पट्टा माझ्या पट्ट्याशेजारी ठेवला. तिकडं नवा देणार आहेत. "ह्यो तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, दादा."

दोन्हींना हळदकुंकू लावलं. त्याच्या पट्ट्याला जास्त लागलं.

९ नोव्हेंबर

चेन्नईहून फोन. पास! खुर्चीला बांधून पाण्यात उलटं बुडवलं, अंधार केला, तरी सुटून वर आला. "बाबळ दिसत नव्हती, पर म्या मनात धरली," म्हणाला.

वनमालानं गोडाचा शिरा केला. खाल्ला. पित्त झालं नाही.

१९ जानेवारी २०२५

गेला. गाडी सुटताना खिडकीतून काहीतरी म्हणाला, ऐकू आलं नाही. मी मान हलवली.

३ फेब्रुवारी

नवा जोडीदार आदिनाथ. भला माणूस, चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याचा हूक तपासतो. नियमानं ओढून, नीट बघून. मग "झालं" म्हणतो.

कुणीतरी सवयीनं ओरडलं, "आला बघा कोयता."

१६ मार्च

अजिनाथनं मोबाइलवर आवाज भरून पाठवला, मागं वाऱ्याचा गोंगाट. थंडी लई हाय, मासळी लई हाय, भाकर न्हाई. बोटीतून शिडीवर पाय टाकताना महादेव आठवतो. जोडीदार तिथलाच एक गोरा, दाढीवाला. "दादा, त्याला म्या आपलं 'धरलं' शिकवलं. रोज इचारतो. असं वाकडं बोलतो की हसू येतं."

एकदाच ऐकलं, पुन्हा लावलं नाही.

२३ मार्च

अजिनाथचा फोटो आला. पिवळा डगला, डोक्यावर टोपी, पाठमोरा. त्याच्या पाठीवर, हुकाजवळ, त्या दाढीवाल्याचा हात.

वनमाला माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली, "अगं बाई, केवढा समुद्र!"

मग मी त्या हातावरून नजर काढून पाहिलं. होता समुद्र.