काट्याला जेवढी चूक माफ असते

मी, प्रेमिला सुशील नगराळे, वय एकाहत्तर, धर्म बौद्ध, वजनमापे खात्यातून निवृत्त झालेली निरीक्षक, राहणार वाडी, अमरावती रोड, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात तपासून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, धाक नाही. धाक घालण्याचे काम आमच्या घरात आजवर मीच केले. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळ्या वस्तूंची यादी बरोबर होती आणि मुख्य गोष्ट लपवलेली होती.

१. घर. वाडीतले घर माझे पती सुशील गेल्यावर मुलांच्या संमतीने माझ्या नावावर झाले. खालचा मजला मुलगा पियुष याला, वरचा मुलगी दामिनी हिला. पियुषने जिन्याला दार बसवून बहिणीची वाट अडवू नये. तसे त्याच्या मनात नाही हे मला माहीत आहे, तरी लिहून ठेवलेले बरे. मागच्या दोन भाड्याच्या खोल्या दोघांच्या सामाईक. तिथल्या ट्रक ड्रायव्हरांना निदान वर्षभर हलवू नये. ते सकाळी अर्धा अर्धा तास इंजिन चालू ठेवतात म्हणून मी वीस वर्षे कटकट केली. सुशील म्हणायचे, "गाडीले बी ध्यानाले बसू दे वं."

२. बँकेतल्या ठेवी दोघांना सारख्या. गळ्यातली पोत आणि कानातले दामिनीला.

३. माझी नणंद सुमती, म्हणजे सुशील यांची धाकटी बहीण, राहणार कळमेश्वर, हिला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. एक सुईसुद्धा नाही. हे रागाने लिहिलेले नाही. कारण शेवटी लिहिले आहे.

४. पितळी वजनांची पेटी. ही सरकारी नाही, निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी भेट दिलेली आहे. एकतीस वर्षे मी काटोलच्या फळबाजारापासून कळमेश्वरच्या कारखान्यांपर्यंत लोकांचे काटे तपासले. संत्र्यांचे व्यापारी मला लांबून पाहिले की काटा पुसायला घ्यायचे. मी कधी चहासुद्धा घेतला नाही. पण एक सांगते, कायदा माझ्याइतका कडक नव्हता. अगदी बिनचूक काटा कोणाचाच नसतो हे कायद्याला माहीत आहे. म्हणून प्रत्येक वजनाला काही चूक माफ असते, आणि तेवढ्यात बसले की शिक्का मारावाच लागतो. त्याचा छापील तक्ता पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. ती सूट मी बाजारातल्या हरेक माणसाला दिली. घरात दिली नाही.

पेटी पियुषला. त्याचा स्वभाव माझ्यावर गेला आहे, म्हणून. वजनांना हात लावण्याआधी त्याने तो तक्ता वाचावा.

५. माझी धम्माची पुस्तके आणि बसण्याची गादी विहाराला. वकिलांनी यापुढचा मजकूर गाळायला सांगितला होता. मी गाळत नाही.

बुद्धांच्या मार्गावरचा पहिला टप्पा म्हणजे सोतापन्न होणे, प्रवाहात उतरणे. तीन बेड्या तुटल्या की माणूस तिथे पोचतो. आत कोणीतरी 'मी' म्हणून पक्के बसले आहे ही समजूत, मार्गाविषयीची शंका, आणि नेमनियम पाळले की काम झाले हा हट्ट. एकदा उतरलेला मागे फिरत नाही. मला या जन्मी एवढेच हवे होते. बावीस वर्षे मी त्यासाठी बसते आहे. तिसरी बेडी तोडायची म्हणून मी इतके नेम केले आणि ते इतके काटेकोर पाळले, की त्यातला विनोद मला फार उशिरा कळला.

सुशील वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायचे. बोलघेवडे, हसरे, चार माणसांना घरी जेवायला घेऊन येणारे. विहारात रविवार सकाळचा ध्यानाचा वर्ग मी सुरू केला आणि पहिल्या रांगेत यांना बसवले. आधी ते माझ्यासाठी बसायचे. पुढे स्वतःसाठी बसू लागले, ते मला दिसले आणि मी दाद दिली नाही. रोज चहा पिताना मी त्यांना तपासत असे. काल राग आला का, किती वेळ टिकला, मालकाला फोनवर गाडी निघाली म्हणून सांगितले तेव्हा ती खरेच निघाली होती का. ते म्हणायचे, "निघून राहिली होती." एकदा वर्गात सर्वांदेखत मी म्हणाले, यांचे अजून काही झालेले नाही. लोक हसले. तेही हसले. मला मात्र तो हशा आता सहन होत नाही.

६. हे कलम माझ्या मुलांसाठी आहे. १८ ऑगस्ट २०१६, दुपारचे तीन वाजले होते. दवाखान्याचे नाव लिहीत नाही, त्यांची काही चूक नव्हती. सुमती खाटेच्या पायथ्याशी बसून संत्रे सोलत होती. सुशील म्हणाले, "प्रेमिला, माह्यं झालं काय वं? उतरलो काय मी पाण्यात?"

मी म्हणाले, "मले माहीत नाही. मी खोटं बोलणार नाही."

"तुले काय वाटते, ते तं सांग."

"वाटण्यावर मी सांगत नसते."

ते "बरं" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केले. सव्वापाचला गेले. मधल्या दोन तासांत ते घाबरलेले होते. त्यांची बोटे चादर चाळवत होती, मला दिसत होते. मी शेजारी बसून माझा श्वास पाहत होते. हे वाक्य मी चौथ्यांदा लिहिते आहे. आधीच्या तीन कागदांवर मी त्यांचा हात धरला होता.

चार महिन्यांनी मी सुत्तांचे, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांचे, पुस्तक उघडले. आजारी उपासकाला दुसऱ्याने धीर कसा द्यावा, हे त्यात आहे. तुझी बुद्धांवर श्रद्धा आहे, धम्मावर आहे, संघावर आहे, तुझे शील चांगले आहे, त्यावर टेकून राहा, असे म्हणावे. यातले एकही वाक्य यांच्या बाबतीत खोटे नव्हते. शेवटच्याला थोडी सूट द्यावी लागली असती, न निघालेल्या गाड्यांपुरती. मला खोटे बोलावेच लागले नसते. त्या ओळींखाली लाल पेन्सिलीची रेघ आहे आणि ती माझीच, कितीतरी जुनी.

आता उरलेले, त्याच्याही आधीचे. ते गेल्यावर थोड्याच दिवसांनी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभे केले. मी सांगितले की सुशील शांत चित्ताने गेले आणि त्यांचा शेवटचा शब्द 'साधु', म्हणजे 'उत्तम झाले', हा होता. नवऱ्यासाठी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही, आणि स्वतःसाठी घडाघडा बोलले. स्वयंपाकघरात सुमती म्हणाली, "काहून खोटं बोलून राहिली वं वहिनी? दादा 'बरं' म्हणाला होता. भेऊन गेला तो." मी तिला सांगितले की या घरात पुन्हा पाऊल टाकू नको. तुम्हा दोघांना सांगितले की आत्याने दागिन्यांवरून भांडण काढले. पियुष, दामिनी, तुमच्या आत्याने कधी काही मागितले नव्हते. तिचा फोन आला की तुम्ही कापता, ते माझ्या शब्दावर.

७. विहाराच्या ध्यानखोलीत सुशील यांच्या नावाची पाटी आहे, तिच्यावर तो 'साधु' कोरलेला आहे. ती पाटी माझ्या खर्चाने काढावी. नुसते नाव असलेली नवी बसवावी. माझ्या शोकसभेत मला कोणी सोतापन्न म्हणू नये. वर्गातल्या बाया तसे कुजबुजतात आणि मी ऐकून न ऐकल्यासारखे करत आले, तेही इथे कबूल करते. सोतापन्नाच्या हातून चूक होते, पण त्याला ती झाकून ठेवता येत नाही, असे सांगितलेले आहे. मी नऊ वर्षे झाकली. यावरून माझे वजन ज्याने त्याने करावे.

८. मागच्या गुरुवारी मी बसने कळमेश्वरला गेले. सुमतीने दार उघडले, आणि मी उंबऱ्याबाहेर उभी राहूनच सगळे बोलून टाकले. ती म्हणाली, "नऊ साल लागले वं तुले." मग आत गेली. मला वाटले, दार लावायला कोणाला तरी पाठवेल. ती खुर्ची घेऊन आली. मी विचारले, माझ्या शेवटच्या वेळी मी सुशील यांचाच प्रश्न विचारला तर तू काय सांगशील? ती म्हणाली, "तेव्हाचं तेव्हा पाहू. आधी चहा घे."

तरी माझा शेवट जवळ आला की सुमतीला बोलवावे. तिला न्यायला पियुषने स्वतः जावे आणि आधी माफी मागावी. ती मला जे सांगेल ते कोणी दुरुस्त करू नये. मीसुद्धा नाही.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी दामिनीने करावी. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्याचा साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले. त्या दुपारी खोलीत आम्हा दोघांशिवाय फक्त सुमती होती. मला तिची साक्ष पाहिजे, म्हणून तिला काही देता येत नाही.

ठिकाण: वाडी, नागपूर. दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार. आजचा वर्ग मी घेतला नाही.

सही: प्रेमिला सुशील नगराळे

साक्षीदार पहिले: श्रीधर मेश्राम, निवृत्त, वजनमापे खाते. बाईंनी माझ्यासमोर सही केली व मी त्यांच्यासमोर.

साक्षीदार दुसरी: सुमती बोरकर, राहणार कळमेश्वर. वहिनीनं माह्यासमोर सही केली, मी तिच्यासमोर. सहावं कलम वाचलं. तसंच झालं होतं, मी तिथं होती. फक्त संत्रं नव्हतं, मोसंबी होती. ऑगस्टात संत्रं कुठं भेटते? तेवढी चूक माफ आहे.