भोपाळला जाणारे क्ष आणि य

लष्कर, ग्वाल्हेर
कार्तिक, सन १९५६

तीर्थरूप दाजींना भालचंद्राचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे भोपाळच्या चढांना सरावले का? ताईचा खोकला? आम्ही इकडे ठीक (म्हणजे जेवतो; झोप नाही).

मध्यभारत नव्या राज्यात गेला आणि आमचं शिक्षण खातं भोपाळला निघालं. मी हिशेब शाखेत, अनसूया कन्याशाळा शाखेत. कुठले किती जाणार हे कोणी सांगेना. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर दोन गावी दोन चुली मांडायच्या की काय, या धास्तीनं मी गणितच मांडलं. आमच्यातले जाणारे क्ष, तिच्यातले य. बडे बाबू दौलतसिंह म्हणाले, "दोनों मिलाके बीस जाएँगे, बस." एक समीकरण झालं. दुसऱ्यासाठी साहेबांच्या मागे दाल बाजारापर्यंत चालत गेलो. त्यांनी अगदी कानात सांगितलं, की जाणाऱ्याला माणशी दोन खोकी, आणि खोकी चाळीस मंजूर. धावत घरी येऊन सोडवलं, तर शून्य बरोबर शून्य! पहिलंच समीकरण खोक्यांत भरून दिलेलं. अशा वेळी उत्तरं अनंत (माणूस अर्धा पाठवत नाहीत, म्हणून एकवीस). त्यांतलं मला आवडलेलं, दोघंही जाण्याचं, मी गावभर सांगितलं.

मग निरोपाची जेवणं सुरू झाली. गोरखीत शांताताईंकडे श्रीखंड, किला गेटला जयसिंहरावांकडे पुरणपोळी, घरोघर अनसूयेची ओटी. आणि परवा भोपाळहून पत्र, की एकूण अठराच या. बेरीज वीसही आणि अठराही, असे क्ष आणि य पृथ्वीच्या पाठीवर नाहीत! दौलतसिंह म्हणतात, "बीस भूल जाइए." मी भुलेन हो, पण श्रीखंड खाल्लेल्या घरावरून रोज कुठल्या तोंडानं जाऊ? अनसूया म्हणते, "फेऱ्या मारणं बंद करा, फरशी झिजेल." तरी मारतोच.

ताईस नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
भालचंद्र

ता. क. आमच्यासाठी दोन खोल्या बघणं तूर्त थांबवावं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना हुकूम आला. आमच्या शाखेतून एकही नाही; अठराही तिच्याच. आता समीकरणं खरोखर दोन आहेत आणि उत्तर एकच. दाजी, अनसूयेला तुमच्याकडे ठेवून घ्याल का? आणि माझ्या बदलीसाठी तिथे कुणाच्या तरी पाया पडा, गुडघे दुखले तरी. हुकूम वाचून तिनं बांधलेली ट्रंक उघडली, माझे सदरे तेवढे काढून खुंटीला अडकवले आणि ट्रंक पुन्हा लावून घेतली.