ताईने पाठवलेला पट्टा

दि. ४ मार्च

ती. सौ. ताईस बारक्याचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, मला भीती वाटायला लागली आहे. उंचीची नाही. बावीस वर्षं दोरीला लटकून उंच इमारतींच्या काचा पुसतोय, जीव टांगणीला लावणं हा माझा धंदाच आहे. मला भीती वाटते ती वरच्या माणसाची.

आमचं काम तुला माहीत आहे. एक जण खाली लटकतो, दुसरा गच्चीवर बसून दोन्ही दोऱ्या आणि त्यांच्या गाठी सांभाळतो. बावीस वर्षं माझ्या वर रेडिओकाका होते. हे नाव त्यांना उगाच पडलं नव्हतं. सकाळी आठला सुरू झाले की गुडघेदुखी, जावयाचा उद्धटपणा, शेजाऱ्याचं कुत्रं, सगळं प्रसारण जेवणाच्या सुट्टीपर्यंत अखंड. मी कधी वर बघितलंच नाही. आवाज येतोय म्हणजे माणूस जागेवर आहे, एवढं मला पुरायचं. ते महिन्यापूर्वी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आला तो असा, की आम्ही त्याला मौनीबुवा म्हणतो. मी खाली उतरलो की वरून चकार शब्द नाही. मग मला वाटतं, हा चहाला गेला. मग वाटतं, झोपला. मग वाटतं, नोकरी सोडून गेला.

म्हणून मी सारखा वर बघतो. मान वर असली की हात खाली पोचत नाही. त्यामुळे आमच्या अठरा मजली इमारतीच्या एका बाजूच्या सगळ्या काचा वरच्या अर्ध्यात लखलखीत आणि खालच्या अर्ध्यात मळक्या आहेत. इमारतवाल्यांनी रस्त्यापलीकडून फोटो काढून आमच्या सुपरवायझरला पाठवला. तो म्हणाला की महिनाअखेरपर्यंत पूर्ण पुसलेली काच दिसली नाही तर तळघरातल्या पार्किंगची फरशी पुसायला जा. ताई, फरशीला मी कमी लेखत नाही. पण दोरीवर असतो तेव्हा मी कोणीतरी असतो, ते गेलं तर मी काय उरेन, कळत नाही. झोप उडाली आहे. बायको म्हणते, मी जेवतानासुद्धा वर बघतो.

कंपनीने आमच्यासाठी 'विश्वास सप्ताह' ठेवलाय. आम्ही येणारच, असं प्रत्येकाकडून सहीनिशी लिहून घेतलंय, दोन साक्षीदारांसकट.

भाऊजींना नमस्कार. लोभ असू दे, तूर्त त्याचीच गरज आहे.

तुझा,
बारक्या

दि. ९ मार्च

चि. बारक्यास ताईचे अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. तू वर बघतोस यात तुझं काय चुकलं, ते तिसऱ्यांदाही कळलं नाही. बघायलाच हवं. भरवशाच्या म्हशीला टोणगा, हे काय मी तुला सांगायचं?

माझंच बघ. आमच्या तंबूंच्या कारखान्यात माझ्या हाताखाली दोघी शिवतात. त्या घरी गेल्या की मी त्यांची शिवण उसवते आणि पुन्हा घालते. त्या वाईट शिवतात असं मुळीच नाही. पण ती मी घातलेली नसते ना! यात पाठ धरते, रक्तदाब वाढलाय, डॉक्टरांनी गोळी दिली आहे. ती बरोबर आहे का, हे मी दुसऱ्या डॉक्टरांना विचारून घेतलं. आता तिसऱ्यांकडे जाणार आहे.

हे म्हणाले की बारक्याने त्या माणसाशी दोन शब्द बोलून बघावेत. मी म्हटलं, बोलून का माणूस कळतो? आपण एकतीस वर्षं बोलतोय. त्यावर ते पेपर घेऊन बाहेर जाऊन बसले.

सोबत एक पट्टा पाठवते. तंबूच्या जाड कापडाचा आहे, सहा पदरी, अठरा मजले पुरेल इतका लांब, आणि सगळी शिवण माझ्या हातची. एक टोक गच्चीवरच्या टाकीच्या खांबाला बांध, दुसरं कमरेला. कंपनीच्या दोन दोऱ्या गेल्या खड्ड्यात, हा तुटणार नाही. मौनीबुवाला मात्र सांगू नकोस. सांगितलंस तर तो म्हणेल, याच्याकडे आहे की तिसरा, आणि खुशाल चहाला जाईल.

वेळेवर जेव आणि ताटाकडे बघून जेव. माया आहेच, ती पट्ट्यात शिवली आहे.

तुझी,
ताई

दि. १७ मार्च

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

पट्टा पोचला. इतका जाड आहे की बायकोला वाटलं तू गादी पाठवलीस.

विश्वास सप्ताह पार पडला. प्रशिक्षक म्हणून जे गृहस्थ आले होते त्यांना गच्चीवर चला म्हटलं, तर म्हणाले की विश्वास ही आतली गोष्ट आहे, त्यासाठी उंचीची गरज नाही. मग सगळं तळमजल्यावर झालं, सतरंजीवर. उंटावरचा शहाणा ऐकला होता, हा उंटाकडे फिरकलाच नाही. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून 'मी अढळ आहे' असं एकवीस वेळा म्हणायचं, असा त्यांनी नेम घालून दिला. मी दाढी करताना म्हणतो. दोनदा कापलं.

शेवटच्या दिवशी मोठा प्रयोग होता. एकाने डोळे मिटून पाठीमागे पडायचं आणि बाकीच्यांनी त्याला झेलायचं. सुपरवायझर उत्साहाने पुढे झाला. प्रशिक्षकांनी आम्हालाही डोळे मिटून, हात जोडून, 'मी विश्वासार्ह आहे' असं मनात घोळवायला सांगितलं. आम्ही आज्ञाधारक माणसं. सगळ्यांनी डोळे मिटले, सगळ्यांनी हात जोडले, आणि सुपरवायझर पडला. सध्या तो उशी घेऊन बसतो. अहवालात मात्र प्रयोग यशस्वी असं लिहिलंय, कारण पडणाऱ्याने पूर्ण विश्वास दाखवला होता.

आता खरं सांगतो. मौनीबुवाची पाठ वळली की मी तुझा पट्टा टाकीच्या खांबाला बांधतो. पण ताई, भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. आधी दोन गाठींकडे बघायचो, आता तीन गाठींकडे बघतो. अर्धी काच पुसली जायची, आता पाव जाते. माझ्या हातांवरचाही माझा भरवसा गेलाय. काल साबणाची बादली लटकवली आहे की नाही, हे मी अकरा वेळा चाचपलं. ती माझ्या हातातच होती.

पार्किंगच्या फरशीचा रंग करडा आहे, आज जाऊन बघून आलो. लोभ आहे ना, एवढंच कळव.

तुझा,
बारक्या

दि. २१ मार्च

चि. बारक्यास अ. उ. आ.

तीन पुरत नसतील तर चौथा शिवायला घेतला आहे, आठ पदरी. शिवाय महिनाअखेरीला मी स्वतः येते आणि गच्चीवर खुर्ची टाकून बसते. बघू कोण चहाला जातो ते. हे हसताहेत. त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. लोभाचं काय विचारतोस, मूर्खा?

तुझी,
ताई

दि. २७ मार्च

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

आधी हे सांगतो की मी धडधाकट आहे. आता खाली बसून पुढचं वाच.

परवा अकराव्या मजल्यावर होतो. वर बघण्याच्या नादात कळलंच नाही की तुझा पट्टा वरच्या मजल्यावरच्या एसीच्या लोखंडी चौकटीत अडकलाय. खाली सरकलो तर पट्टा ताणला, वर चढायला गेलो तर त्याचा पीळ घट्ट बसला. ना वर ना खाली. 'मी अढळ आहे' हे वाक्य त्या दिवशी शंभर टक्के खरं ठरलं.

श्वास पुरेना. काचेच्या आत मोठ्या टेबलाभोवती बैठक चालली होती. मी काच ठोठावली. एका बाईंनी माझ्याकडे बघितलं, शेजारच्याला काहीतरी सांगितलं, आणि त्याने उठून पडदा ओढला. ताई, तेव्हा मला वाटलं की आता आपलं कोणीच नाही.

आणि वरून आवाज आला. मौनीबुवा कठड्यावर पालथा पडून खाली बघत होता. म्हणाला की तो पट्टा अडकलाय, तो काप. मी ओरडून सांगितलं की तेवढा एकच माझ्या भरवशाचा आहे. तो म्हणाला, बाकीच्या दोन दोऱ्यांच्या गाठी मी सकाळी बघितल्यात, आणि आत्ता इथून हलणार नाही. मी विचारलं, हे मी कशावरून खरं मानू? तो म्हणाला, मानू नकोस, नुसतं ऐक, मी बोलत राहतो.

आणि तो बोलायला लागला. त्याला बोलायची सवय नाही, विषय सुचेना. मग समोर दिसेल ते सांगत सुटला. तुझ्या बुटाची लेस सुटली आहे. टाकीचं झाकण निळं आहे. झाकणावर कावळा बसलाय. कावळा उडाला. दुसरा आला. हा जरा लहान आहे. वीस मिनिटं हे चाललं होतं. इतकं कंटाळवाणं बोलणं मी जन्मात ऐकलं नाही, आणि ते थांबू नये म्हणून मी जीव गोळा करून ऐकत होतो. श्वास हळूहळू जागेवर आला. दुसऱ्या कावळ्याच्या वेळी मी चाकू काढला आणि तुझा पट्टा कापला. सहा पदर होते, एकेक कापावा लागला. दोन्ही दोऱ्यांनी मला धरलं, काहीही झालं नाही.

वर गेल्यावर दोघं टाकीला टेकून बसलो. त्याला विचारलं, आजवर गप्प का होतास? तर म्हणाला की तू सारखा दचकून वर बघायचास, वाटलं मी बोललो तर आणखी दचकशील, हात सुटेल. शिवाय विश्वास सप्ताहात प्रशिक्षकांनी त्याला एकट्याला बोलावून सांगितलं होतं की मौन हीच तुझी ताकद आहे, ती वाढव. त्याचे तळवे बघितले, फोडांनी भरलेले. दोऱ्या लोखंडी खांबाला पक्क्या बांधलेल्या असतात, हाताने धरायची काही गरज नसते. पण त्याला स्वतःच्या गाठींची खात्री वाटायची नाही, म्हणून दिवसभर धरून बसायचा.

आणखी एक. तुझ्या पट्ट्याचं त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझी गाठ चुकीची होती. मी खाली उतरलो की तो रोज ती सोडून नीट बांधायचा.

पट्ट्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. चौथा शिवू नकोस आणि येऊ नकोस, म्हणजे गच्चीवर येऊ नकोस. घरी ये. माझ्यावर रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.

तुझा,
बारक्या

दि. १ एप्रिल

चि. बारक्यास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी रागावले. तू माझा पट्टा कापलास म्हणून नाही. त्या माणसाने तुला वाचवलं आणि मी तुला अडकवलं, याचा राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. दिवसभर यांच्यावर काढला. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाले की बारक्या सत्तेचाळीस वर्षांचा आहे.

आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा होतास. मी तुझं मनगट धरून तुला रस्ता ओलांडायला लावायची. आठवतं, तू चौदाव्या वर्षी मित्रांसमोर हात झटकलास आणि मी आठ दिवस बोलले नाही? मला वाटायचं, मी सोडलं तर तू पडशील. तुला तेच शिकवलं मी, की जग सोडून देणारं आहे. तंबू मी चांगले शिवते, पण हे मी वाईट शिवलं, बारक्या. मला माफ कर.

काल त्या दोघींची शिवण तशीच राहू दिली. उसवायची कात्री हातात घेऊन बराच वेळ उभी होते, मग ठेवून दिली. रात्री तळमळले, हे लपवत नाही. सकाळी तंबू उभा होता. दोघींपैकी थोरलीला मी म्हटलं की शिवण छान आहे, तर ती रडायला लागली. सहा वर्षांत मी तिला असं कधी म्हटलंच नव्हतं.

महिना संपला. कामाचं काय झालं, ते लगेच कळव. पार्किंगमध्ये असलास तरी तू माझा तोच आहेस.

तुझी,
ताई

दि. ८ एप्रिल

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

माफी कसली मागतेस? मनगट धरलंस म्हणून रस्ता ओलांडला. पुन्हा असं लिहिलंस तर भाऊजींना सांगेन.

मी दोरीवरच आहे. एकतीस तारखेपर्यंत सगळ्या काचा पूर्ण पुसल्या, चारही कोपऱ्यांसकट. इमारतवाल्यांनी पुन्हा फोटो काढला. सुपरवायझरने तो विश्वास सप्ताहाचं फळ म्हणून कार्यालयात लावलाय, आणि प्रशिक्षकांचा सत्कार तळमजल्यावर झाला. त्यांनी भाषणात माझं उदाहरण दिलं, म्हणाले की या माणसाने स्वतःच्या आत डोकावून बघितलं. मौनीबुवा शेजारी बसला होता. माझ्या कानात म्हणाला, कावळ्यांचं नाव घेतलं नाही यांनी. हल्ली तो असा फटकन बोलतो.

काल सकाळी त्याने विचारलं की मी एकदा खाली उतरून बघू का. त्याला उतरायची फार भीती, म्हणून तर वरचं काम घेतलेलं. मी म्हटलं, उतर. म्हटलं खरं, पण बावीस वर्षांत मी कधी कोणाला सांभाळलं नव्हतं, नेहमी मलाच कोणीतरी सांभाळलेलं. गाठी मी बांधल्या. दोनदा तपासल्या. तिसऱ्यांदा हात गेला तो मागे घेतला. कोपर टेकून कठड्यावर वाकलो, बोलावं म्हटलं तर जीभ हलेना. म्हणजे त्याला वरून काहीच ऐकू येत नव्हतं, माझं बोलणं नाही की कसला आवाज नाही.

त्याने अख्खी काच पुसली. मग दुसरी, मग तिसरी. ताई, त्याने एकदाही वर बघितलं नाही.

लोभ आहे. आता विचारत नाही.

तुझा,
बारक्या