एकाच नंबरची जागा

मनीषनगर, नागपूर
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय नूपुर,

अनेक आशीर्वाद. इकडे काजल आणि मी, आम्ही सासू-सुना बऱ्या आहोत. तुझ्या आईचे गुडघे आता कुरकुरत नाहीत हे कळलं, बरं वाटलं.

आज मुगवड्या टाकताना तुझी आठवण आली. सुट्टीत तू आमच्याकडे असायचीस. तू आणि माझा सुशील गच्चीवरून हिंगण्याच्या कंपनीची बस बघत बसायचात. ती वळली की "काका आले, बाबा आले" म्हणून ओरडायचात आणि मी चहा टाकायची. तेव्हा बातमी सगळ्या घराची असायची.

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर बोललं की काजलला ऐकू जातं.

तुझं अ‍ॅप छान आहे. सुशीलच्या त्या समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर हातमोजे घातलेल्या माणसालाही दाबता यावीत म्हणून तू दोनच मोठी बटणं ठेवलीस, हे मी सगळ्यांना सांगते. कामाची पाळी नीट संपली की हिरवं, धोक्याचा भोंगा वाजला की लाल. तिथे नेट कमी, म्हणून निरोप जायला घरचा एकच नंबर. सुशीलने बायकोचा दिला. द्यायलाच हवा.

पण फ्रिजवर तिचा फोन वाजतो तेव्हा ती अंघोळीला गेलेली असते, आणि मी त्या कुलूप लावलेल्या फोनसमोर उभी राहते. मग ती केस पुसत येते आणि म्हणते, "आई, हिरवा आला न त्यायचा." जणू स्वतःच्या ताटातलं वाढते आहे.

शेजारच्या इंदूबाईंपाशी बोलून बसले. त्या म्हणाल्या, "लगन झालं का माय दुसऱ्या नंबरवर जाते वं. तुह्या भाचीच्या यॅपात तर दुसरा नंबरच नाई."

मी हसले, आणि घरी येऊन तुला लिहायला बसले. काजलचा नंबर काढ, माझा टाक, एवढंच लिहायचं होतं. ते पान फाडलं.

काल सुशीलचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, सोमवारी गॅस गळला, आम्हाला बोटीत उतरवलं होतं, काजल बोलली नाही का? सोमवारी काजलने मला गरम पोळी वाढली होती, बीपीची गोळी हातात दिली होती. लाल येऊन हिरवा येईपर्यंतची ती दुपार होती.

मी काजलला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुमाले काहून सांगू, आई? तुमचं बीपी वाढलं असतं, मंग मी एकटी काय करतो?"

तिला पाचवा महिना आहे, नूपुर.

तरी मला आधी तिची दया आली नाही. त्या भीतीचाच हेवा वाटला. माझ्या मुलासाठी घाबरायचं, तेही तिने एकटीनेच घेतलं. मत्सर पाप आहे, हे कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने शिकवलं होतं. तो या वयात येतो, हे सांगितलं नव्हतं.

नंबर एकच हवा म्हणतेस. पण बटणं दोन आहेत ना? मग सुशीलला सांगून असं कर. हिरवा काजललाच जाऊ दे, तो मी तिच्या तोंडून ऐकेन. लाल माझ्या नंबरवर पाठव. तिला कधी आणि कसं सांगायचं ते मी बघेन.

त्यात मात्र वाटेकरी नको. लाल माझ्या एकटीचा.

तुझी, अजून जळणारी,
प्रीतीमावशी