विज्ञानाच्या दृष्टीने माझी बाजू

४ नोव्हेंबर, मंगळवार

आजपासून अभ्यास. विषय वीज. वाशीमच्या जेलमध्ये वेळच वेळ आहे, त्याचं सोनं करायचं. दोन महिन्यांत बारावीपर्यंतचं सायन्स संपवणार. मग उज्ज्वलाला पत्र. त्यात शास्त्रीय पुरावा, की बादलचा हात निकामी झाला त्यात माझी चूक नव्हती. बायको नवऱ्याचं ऐकत नाही, पण विज्ञानाचं ऐकेल. अटक झाल्यापासून ती एकदाही मुलाखतीला आलेली नाही. बादल तिचा सख्खा धाकटा भाऊ, त्यामुळे रागावणं मी समजू शकतो. पण किती?

लायब्ररीत बारावीचं पुस्तक नाही. आठवीचं मिळालं. हरकत नाही, पाया पक्का होईल.

९ नोव्हेंबर, रविवार

दीड पान झालं. पण खोलवर.

केसचे मुद्दे एकदा नीट मांडतो. सोयाबीनमध्ये रानडुकरं शिरायची. बाकीचे लोक कुंपणाला बॅटरीचं झटका मशीन लावतात. मी टेक्निकल माणूस. इंझोरीजवळच्या आमच्या तांड्यातले पंखे, मिक्सर मीच दुरुस्त करतो. मी विहिरीवरच्या मोटारीच्या लाइनीवरून थेट तारेत करंट सोडला. रात्री बटण चालू, पहाटे बंद, अशी सिस्टीम होती. सिस्टीम निर्दोष होती. त्या दिवशी पहाट जरा लवकर झाली, आणि बादल माझ्या कुंपणाला लागून त्याच्या शेतात जायला निघाला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

चंदाला पत्र लिहिलं. पोरगी यंदा आठवीतच आहे, म्हणजे आम्ही क्लासमेट. बापाचं मार्गदर्शन मिळायलाच हवं. एक प्रश्न घातला: ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या माणसाने तारेला हात लावला, तर दोष कोणाचा, ओलीचा की अनवाणी पायाचा? खाली आकृती. आईलाही दाखव, असं लिहिलं.

बराकीतल्या ग्यानबाकाकांना वाचून दाखवलं. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात आत आलेला म्हातारा माणूस. सगळं ऐकून म्हणाले, अन् तार कोनाची व्हती बापा? काकांचा सायन्सचा पाया कच्चा आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसातून बोलावणं. इथे पत्रं वाचूनच पुढे जातात. साहेबांच्या टेबलावर माझी आकृती. तारेचं कुंपण, खांब, बाण. साहेबांनी विचारलं, कुठून पळायचा बेत आहे? मी म्हटलं, साहेब, तो बाण म्हणजे करंट. ते म्हणाले, करंट पळणार आहे की तू, ते आधी ठरव.

आकृती जप्त. पत्र गेलं. मोठमोठ्या संशोधकांना सरकारने असाच त्रास दिला असणार.

३ डिसेंबर, बुधवार

चंदाचं उत्तर आलं. अक्षर सुधारलंय. लिहिते, बाबा, असा प्रश्न आमच्या धड्यात नाही, म्हणून सरांना विचारला. सर म्हणाले, बटण बंद करायला पाहिजे होतं.

सरांनी पर्याय सोडून उत्तर दिलं. शून्य मार्क.

खाली आणखी लिहिलंय. मामाची उजव्या हाताची बोटं वळत नाहीत. मामा डाव्या हाताने जेवतो. आई भाकर कुस्करून देते, पण जेवताना आपल्या तोंडाकडे कोणी पाहिलेलं मामाला आवडत नाही.

हे विषयाला सोडून आहे.

दुपारी प्रयोग म्हणून डाव्या हाताने जेवून पाहिलं. वरण सगळं शर्टावर. ग्यानबाकाकांनी विचारलं, हाताले काय झालं? काही झालं नाही, म्हटलं. दोन्ही हात धड आहेत. मग जेवण गेलं नाही. डाळ कच्ची असावी.

११ डिसेंबर, गुरुवार

धडा संपला! करंट कमी विरोधाची वाट धरतो, इथपर्यंत आलो. सगळी आकडेमोड तीन वेळा केली. ओल वजा केली. बादलच्या पायात चप्पल घातली. तरी शेवटी तार माझी, लाइन माझी, बटण माझं. पुस्तकात छपाईची चूक दिसते.

उज्ज्वलाचं पत्र पुढच्या आठवड्यावर ढकललं. थंडीने बोटं वळत नाहीत. हे वाक्य लिहायला नको होतं.

काका म्हणाले, तू झोपीत बटन बटन काहून करून राह्यला? मी म्हटलं, रिव्हिजन.

१९ डिसेंबर, शुक्रवार

मुलाखत आली. उज्ज्वला असेल म्हणून केस ओले करून भांग पाडला. जाळीपलीकडे बादल. एकटा. उजवा हात शालीच्या आत.

ओलीचा मुद्दा तयार होता. तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, भाऊजी, मोटारीचा स्टार्टर बसला, मोटार सुरूच होत नाई. हरभऱ्याले पाणी द्याचं हाय. काय करू सांगा.

मला इतका आनंद झाला की लाज वाटते. इतक्या दिवसांत कोणी मला काही विचारलं नव्हतं. मी सुरू झालो. मेन बंद कर, झाकण काढ, आतली लाल वायर धर. त्याने लक्षात ठेवायला एकेक बोट दुमडलं. डाव्या हाताचं. मी तिथेच थांबलो. म्हटलं, हात लावू नको, बादल. कशालाच लावू नको. वायरमन बोलाव.

तो हसला. म्हणाला, वायरमन कालच येऊन गेला, मोटार चालू हाय. ताई म्हणे कायले इचारतं त्याले. मी तिले म्हनलं, इचारतो, भाऊजीले बरं वाटन.

मी म्हणायला गेलो, बादल, त्या दिवशी बटण… तो म्हणाला, मालूम हाय. झोप लागली व्हती तुमाले. साऱ्या तांड्याले मालूम हाय.

वेळ संपली. जाता जाता विचारलं, ताई कशी आहे? म्हणाला, बाहेर ऑटोत बसली हाय.