फोटोखालचं अर्धं वाक्य

श्री. गोपीनाथ, मु. खारी, भाईंदर (पूर्व), यांस उत्तनहून व्हिक्टरचा नमस्कार.

(आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं तुला दिसावं म्हणून दुसरा कागद मुद्दामच घेतला नाही.)

लक्ष्मीवहिनींचे गुडघे कसे आहेत? भूपेश आणि सूनबाई हेमाली सुखात असतील अशी आशा आहे. तुझ्या तब्येतीची चौकशी मी करत नाही, कारण चार वर्षांत तुला माझी करावीशी वाटली नाही, आणि वाटली ती मी मेल्यावर. आमच्याकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक आहे. मी जिवंत आहे. ही बातमी तुझ्यापर्यंत पोचली आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि म्हणूनच हे पत्र पोस्टाने लिहितोय. त्या फेसबुकवर तुला आता मी एक अक्षर लिहिणार नाही.

गावात माझ्याविषयी काहीबाही पसरलंय, तेव्हा नक्की काय झालं ते माझ्याकडून ऐक. ईस्टरनंतर मी प्रेस बंद केली. चाळीस वर्षं लग्नपत्रिका छापल्या, पावतीपुस्तकं छापली, आणि सगळ्यात जास्त मयताची स्मरणकार्डं. (उत्तनजवळच्या आमच्या पाली गावात असं घर दाखव, जिथे क्रुसाखाली माझ्या हातचं कार्ड लावलेलं नाही.) घरी रिकामा बसून बेट्टीच्या स्वयंपाकात नाक खुपसायला लागलो, तेव्हा तिने वैतागून सुनेला सांगितलं, यांना कशात तरी गुंतव. आमच्या जेनेलने फोनवर फेसबुक उघडून दिलं आणि ती कामावर निघून गेली. तू तिथे रोज बोंबलाचे फोटो टाकतोस हेही तिनेच सांगितलं. पण त्यासाठी मी तिथे गेलो असं अजिबात समजू नकोस.

फेसबुकने नाव विचारलं, दिलं. जन्मतारीख विचारली, दिली. फोनमधले ओळखीचे सगळे जोडू का विचारलं, हो म्हटलं. मग फोटो मागितला. आता मला सांग, फोटो, नाव आणि जन्मतारीख एकत्र कशी मांडायची असते? चाळीस वर्षं माझ्या हाताला एकच मांडणी ठाऊक. प्रेसच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसलो. मधोमध लंबगोलात फोटो घेतला, भोवती लिलीच्या फुलांची चौकट, वर क्रूस, खाली ठळक अक्षरांत नाव आणि त्याखाली डावीकडे जन्मतारीख. उजवी बाजू मोकळी राहिली. मोकळी जागा मला सोसत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून तिथे फेसबुकात आल्याची तारीख टाकली. इतकं सुबक काम गेल्या दहा वर्षांत झालं नव्हतं. ते टाकलं आणि जेवायला बसलो.

जेवून उठतोय तर अठ्ठ्याण्णव जणांनी हात जोडलेले. मला वाटलं, वा, काय स्वागत आहे! मीही एकेकाला उलट हात जोडत बसलो. (मेलेला माणूस उलट नमस्कार करतोय म्हटल्यावर एखाद्याला तरी शंका यावी की नाही? छे. सगळ्यांना वाटलं, घरचं कुणीतरी उत्तरं देतंय.) चार वाजता शवपेट्या करणारा इव्हान टेप घेऊन दारात हजर. मला ओट्यावर चहा पिताना बघून माणसाने लाजावं! तर हा म्हणतो, आलोच आहे तर माप घेऊन ठेवतो, अंकल. तिकडे बाजारात बेट्टीच्या गळ्यात पडून तीन बायका रडल्या, त्यांचं बघून तीही हंबरडा फोडून रडली, आणि घरी येऊन मला धडधाकट पाहिल्यावर अशी काही भडकली की विचारू नकोस. मग मी ओट्यावर उभा राहून संध्याकाळपर्यंत येईल त्याच्यावर ओरडत राहिलो.

हे सगळं मी गिळलं असतं. पण तू! चार वर्षांपूर्वी भूपेशच्या लग्नपत्रिकेची काळी किनार भूपेशनेच निवडली होती, फॅशन म्हणून. तू तीनशेच्या तीनशे पत्रिका माझ्या टेबलावर आपटल्यास आणि भर दुकानात म्हणालास, “लग्न हाय, मयत न्हाय.” तेव्हापासून तुझ्या तोंडाला कुलूप. आणि मी गेलो म्हटल्यावर माझ्या फोटोखाली तुझ्या शब्दांना भरती आली! शाळेत तुझ्या वाटच्या छड्या मी खाल्ल्या, तुझ्या बापाच्या होडीतून आपण पळून गेलो होतो, सगळं लिहिलंस. ‘असा मित्र पुन्हा मिळणे नाही.’ अरे मेल्या, मिळणे नाही काय? उत्तनच्या बसने पाऊण तासावर होता ना तो, चार वर्षं!

आणि शेवटी तू लिहिलंस, ‘एक गोष्ट मी व्हिक्टरला कधीच सांगू शकलो नाही, ती म्हणजे’. तिथेच संपलं. मला वाटलं, तुझा कंठ दाटला असेल. तेवढंच पुन्हा पुन्हा वाचत बसलो. जेनेल कामावरून आली तेव्हा तिने सांगितलं की खाली ‘आणखी पहा’ लिहिलंय त्यावर बोट दाबायचं असतं. बोट दाबायला गेलो तर सगळा मजकूरच गायब. मी जिवंत निघालो म्हणून तू तो काढून टाकलास! गोप्या, माणूस जगला म्हणून त्याची स्तुती परत घेणारा तूच पहिला. आणि एवढं लिहून आला तर नाहीसच. अख्खं गाव आलं, पेटीवाला आला, तू नाही. मयताला न येणारा मित्र मला नको. फोन केलास तरी उचलणार नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, तुला काही नाही.

व्हिक्टर

ता. क. बेट्टीने पत्र वाचलं आणि आता, आठ दिवसांनी, सांगतेय की त्या दिवशी तिने तुला आमच्या बस स्टॉपवर पाहिलं होतं. हातात मोठा हार, डोळे सुजलेले. माझं ओरडणं तिथवर ऐकू येत होतं म्हणे. तू बराच वेळ बाकावर बसून राहिलास आणि मग परतीच्या बसमध्ये चढलास. तेव्हा ‘आला नाहीस’ हे मी लिहिलंच नाही असं समज.

ता. क. २. त्या ‘ती म्हणजे’च्या पुढे काय होतं? भूपेशने ते वाचलं असेल, त्याला विचारून कळेल, पण मला तुझ्या तोंडून हवंय. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून दहापर्यंत घरी येतो, नंतर कुठे जात नाही. जिवंत माणसाच्या तोंडावर सांगायला जड जात असेल, तर मी ओट्यावर हात छातीवर घेऊन, डोळे मिटून पडतो. तू शेजारी बस आणि सांगून टाक. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.